काचेतला पावसाळा



संमेलनाच्या तयारीसाठी काढलेल्या आपल्या गटावर सर्वांत जास्त चर्चा जेवणाच्या बेतावर झाली. दुसरा क्रमांक लागला तो शाळेच्या जुन्या १६ मिमी प्रोजेक्टरचा. प्रयोगशाळेमागच्या खोलीतलं लाकडी कपाट आवरताना तो सापडला, मुख्याध्यापकांनी फोटो पाठवला आणि अर्ध्या तासात ठराव तयार झाला. हॉलच्या दाराशी काचेची पेटी करायची, आत प्रोजेक्टर ठेवायचा, कुलूप लावायचं आणि खाली आपल्या १९९६च्या दहावीच्या तुकडीची पितळी पाटी. बहुतेकांनी अंगठे वर केले. मी मात्र "पेटी नको" असं लिहिलं. त्यावर "कारण लिहून दे, स्मरणिकेत छापू" असा हुकूम आला. तो हा लेख.

कारण एका वाक्यात सांगता येईल. कोकणातल्या हवेत लेन्स बंद पेटीत ठेवणं म्हणजे तिच्यात बुरशी पेरणं. पण नुसतं एवढंच लिहिलं असतं तर "पुण्याला जाऊन इंजिनीअर झाली, आता आम्हाला शिकवते" असं कोणीतरी म्हणालंच असतं. शिवाय या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. त्यात कल्याणची एक कंदील-कंपनी आहे, मुंबईचा जुलै महिना आहे, जत्रांतले तंबू आहेत आणि दुसरं महायुद्धही आहे. तो सांगितल्याशिवाय माझी हरकत नीट कळणार नाही.

पडद्यावर न दिसणारं जाळं

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. लेन्समधली बुरशी भाकरीवरच्या किंवा चामड्याच्या चपलेवरच्या बुरशीचीच भावंडं. ॲस्परजिलस, पेनिसिलियम या गटांतल्या बुरश्यांचे सूक्ष्म बीजाणू हवेत सगळीकडे असतात. लेन्स कारखान्यातून येते तेव्हाही ते आत असू शकतात. त्यांना रुजायला फार काही लागत नाही. थोडी ओल, स्थिर हवा आणि नावापुरतं अन्न. काच हे काही खाणं नव्हे, पण काचेवरचा बोटाचा तेलकट ठसा, धूळ, पुसायच्या फडक्याचा तंतू, नळीतलं ग्रीस, मेलेला बारीक किडा, यांतलं काहीही पुरतं. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बीजाणूतून तंतू फुटतात आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात.

इथवर नुकसान पुसण्यासारखं असतं. पण वाढताना बुरशी आम्लं सोडते. लेन्सच्या काचेवर चकाकी कमी करण्यासाठी एक अतिशय पातळ थर दिलेला असतो. हे तंत्र जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधलं आणि युद्धानंतर ते सगळीकडे पसरलं. आम्ल आधी हा थर खातं, मग खालची काच. काच कोरली गेली की मग पुसून उपयोग नसतो. बुरशी निघते, तिचे चरे राहतात.

आणखी एक गंमत आहे, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. लेन्समध्ये जाळं असलं तरी पडद्यावर जाळं दिसत नाही. प्रोजेक्टर एका वेळी एकाच जागेचं स्पष्ट चित्र पाडतो, ती जागा म्हणजे फिल्म. फिल्मवरचा केस पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो, कारण तो बरोबर त्या जागी असतो. लेन्सच्या काचेवरची बुरशी मात्र त्या जागेपासून दूर असते. ती फक्त प्रकाश विखुरते. परिणाम असा की काळा रंग करडा होतो, पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर वलय येतं, सगळं चित्र धुक्यात गेल्यासारखं वाटतं. मग लोक म्हणतात, दिवा उतरला, प्रिंट जुनी झाली, चादर मळली. लेन्सवर कोणाचा संशय जात नाही. दरवर्षी थोडं थोडं धुकं वाढतं आणि पाहणाऱ्यांचे डोळे त्याला सरावतात.

जुलै १८९६

आपल्याकडे पडद्यावर चित्र पाडण्याचा उद्योग सिनेमाच्या आधीच सुरू झाला होता. १८९०च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी जादूच्या कंदिलाचे खेळ केले. त्याला त्यांनी 'शांबरिक खरोलिका' असं भारदस्त नाव दिलं होतं. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे लेन्स. प्रोजेक्टरचे सगळे भाग त्यात होते, फक्त फिल्म यायची होती.

ती आली ७ जुलै १८९६ रोजी. मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या यंत्राचे देशातले पहिले खेळ झाले. खेळ दाखवणारा मारिउस सेस्तिए हा खरं तर ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि वाटेत मुंबईला थांबला होता. तारीख पुन्हा एकदा वाचा. जुलैचा पहिला आठवडा, म्हणजे भर पावसाळा. भारतातला सिनेमा जन्मला तोच ओल्या हवेत.

त्या यंत्रात पाण्याचा एक वेगळाच उपयोग होता. दिव्याचा प्रकाश फिल्मवर एकवटायला ल्यूमिएरनी पाण्याने भरलेला गोल काचेचा चंबू वापरला होता. पाणी भिंगाचं काम करी आणि दिव्याची उष्णताही शोषून घेई. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी, त्यामुळे हे फार महत्त्वाचं होतं. चंबू फुटलाच तर प्रकाश एकवटायचा थांबे आणि फिल्म वाचे. सिनेमाच्या बालपणी सगळी भीती आगीची होती. पाणी मित्र होतं. त्यामुळे पाण्याकडे, म्हणजे हवेतल्या ओलीकडे, शत्रू म्हणून पाहायला वेळ लागला असेल तर नवल नाही.

लेन्सचा श्वास

पाणी लेन्सच्या आत शिरतं कसं, हे समजायला लेन्सची रचना पाहावी लागते. प्रोजेक्टरमध्ये अनेक वर्षं जी रचना वापरली गेली ती योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाची, १८४० सालची, व्हिएन्नामधली. ती खरं तर माणसांचे फोटो काढण्यासाठी केली होती. माझ्या व्यवसायातल्या माणसांना ही गोष्ट आवडण्याचं कारण वेगळं आहे. पेट्झवाल यांनी आकडेमोडीसाठी ऑस्ट्रियन तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक मागून घेतले होते असं सांगतात. संगणक नव्हते, तर माणसांचाच संगणक केला.

या लेन्समध्ये चार भिंगं दोन जोड्यांत बसवलेली असतात. पुढची जोडी एकमेकांना चिकटवलेली. हा डिंक म्हणजे कॅनडा बाल्सम, कॅनडातल्या एका फर झाडाचा चीक. मागच्या जोडीतल्या भिंगांमध्ये थोडी फट, आणि दोन्ही जोड्यांच्या मधे लांबलचक मोकळी जागा. म्हणजे लेन्सची नळी ही हवेने भरलेली डबीच. ती हवाबंद नसते. दिवा लावला की नळी कोमट होते, आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर जाते. दिवा बंद केला की नळी निवते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे लेन्स अक्षरशः श्वास घेते.

थोडी आकडेमोड करू, शाळेच्या स्मरणिकेत ती शोभते. रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला ३००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. जुलैतली हवा ३० अंश सेल्सियस आणि ९० टक्के आर्द्रता धरा. ती हवा दोन अंशांनी थंड झाली की दव पडायला सुरुवात होते. म्हणजे रात्री कपाटातला धातू जरा जास्त निवला तरी काचेवर ओल आली. आता उलटं करा. तीच हवा ४० अंशांपर्यंत तापवा. पाणी तेवढंच, पण सापेक्ष आर्द्रता ५२ टक्क्यांच्या आसपास येते. बुरशीला लागते त्याच्या खाली.

म्हणजे चालू प्रोजेक्टर स्वतःची लेन्स स्वतः वाळवतो. बंद ठेवलेला प्रोजेक्टर तिला भिजत ठेवतो. माझ्या सगळ्या हरकतीचा गाभा एवढाच आहे.

तंबू आणि पेटारे

हे सर्वांत जास्त भोगलं ते महाराष्ट्रातल्या फिरत्या टुरिंग टॉकीजनी. शहरातल्या थिएटरात रोज तीन-चार खेळ होत. कार्बनच्या कांड्यांचा झगझगीत दिवा, पुढे झेनॉनचा दिवा, त्यामुळे यंत्र आणि लेन्स बाराही महिने उबदार. तंबूंचं तसं नव्हतं. त्यांचा हंगाम जत्रांचा. दिवाळीनंतर ट्रक निघायचा, गावोगावच्या देवांच्या जत्रा करत उन्हाळ्यापर्यंत फिरायचा. मृगाची चाहूल लागली की तंबू गुंडाळायचा, यंत्र उतरवायचं आणि चार महिने शेडमध्ये ठेवायचं. आपल्याकडच्या दशावतारी मंडळींचंही चक्र असंच, कार्तिकात पेटारा उघडायचा आणि पावसाआधी बंद करायचा. फरक एवढाच की मुकुटाला बुरशी आली तर ती दिसते आणि उन्हात वाळवता येते.

या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. मिळाला तर जरूर बघा. त्यात गंजलेली यंत्रं, अडकणाऱ्या फिल्मा आणि आयुष्यभर प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक कारागीर दिसतो. तो पाहताना मला सारखं वाटत होतं की या यंत्रांचं आयुष्य खेळांनी झिजलं तितकंच खेळ नसलेल्या महिन्यांनीही झिजवलं असणार.

ओलीचा मार फिल्मलाही बसतो. चित्र धरून ठेवणारा फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, म्हणजे बुरशीचं आवडतं खाणं. नायट्रेटच्या जागी आलेली ॲसिटेट फिल्म पेट घेत नाही, पण दमट उष्ण हवेत सडते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. अशा ठिकाणी फिल्मा ठेवायच्या तर कपाट-कुलूप पुरत नाही, थंड आणि कोरडी हवा चोवीस तास सांभाळावी लागते.

युद्धाने शिकवलेला धडा

लेन्समधल्या बुरशीकडे शास्त्रज्ञांनी मनापासून लक्ष दिलं ते मात्र सिनेमासाठी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचं सैन्य न्यू गिनीच्या जंगलात लढत होतं. पाऊस, घाम, चिखल, आणि कोकणाला लाजवील असा दमटपणा. दुर्बिणी आणि तोफांची नेमदर्शक यंत्रं काही आठवड्यांतच आतून धुरकट होऊ लागली. शत्रू दिसेना. सिनेमा धूसर दिसला तर प्रेक्षक शिट्या मारतात, इथे माणसं मरणार होती.

ऑस्ट्रेलियात प्रकाशीय उपकरणं बनवण्यासाठी १९४०मध्ये मेलबर्नचे भौतिकशास्त्रज्ञ टी. एच. लेबी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमलेली होती. पण हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही, वनस्पतिशास्त्राचा आहे हे लक्षात आलं आणि मेलबर्न विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग कामाला लागला. प्राध्यापक जॉन टर्नर आणि बुरशीतज्ज्ञ एथेल मॅक्लेनन हे त्यातले प्रमुख. आपल्या जीवशास्त्राच्या बाईंना सांगायला मला विशेष आनंद होतो की तोफेच्या दुर्बिणीचं कोडं सोडवणाऱ्यांत बुरशीचा अभ्यास करणारी एक प्राध्यापिका होती. त्यांनी उपकरणांच्या आत पारा असलेलं एक बुरशीनाशक, मर्थिओलेट, वापरण्याची पद्धत बसवली आणि १९४६ साली 'नेचर'मध्ये ती प्रसिद्ध केली.

पाऱ्याचं औषध शाळेत आणायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण युद्धाच्या त्या अनुभवातून तीन साध्या गोष्टी पक्क्या झाल्या. आत धूळ आणि तंतू जाऊ द्यायचे नाहीत. सांधे घट्ट करायचे. आणि हवा कोरडी ठेवायची. कोरडं ठेवायला लागणारं सिलिका जेल तोवर उपलब्ध होतंच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे वॉल्टर पॅट्रिक यांनी ते बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट १९१९मध्ये मिळवलं होतं. नव्या बुटांच्या खोक्यात जी 'खाऊ नका' लिहिलेली पुडी येते आणि आपण फेकून देतो, ती हीच.

आपल्या आज्यांना यातलं तत्त्व पेटंटाशिवाय माहीत होतं. बी-बियाणं, आमसुलं, सुकी मासळी, पावसाळ्यात हे सगळं चुलीच्या वरच्या फळीवर जायचं. कारण तिथे ऊब असायची आणि हवा हलती असायची. मौल्यवान वस्तू मात्र, म्हणजे शालू, फोटो, आजोबांचा चष्मा, या पेटीत, फडक्यात, कुलपात जायच्या. कामाची वस्तू उबेला आणि मानाची वस्तू अंधारात. आपला प्रोजेक्टर मानाची वस्तू ठरला.

आपला प्रोजेक्टर

तुम्हाला ते शनिवार आठवत असतील. दुसऱ्या सत्रात, सहामाही संपल्यावर, हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लागायच्या. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट, कधी एखादा बालचित्रपट. ४०० फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं, सर दुसरं लावेपर्यंत पडदा पांढरा व्हायचा आणि त्या उजेडात हातांचे ससे आणि कुत्रे उठायचे. पावसाळ्यात खेळ होत नसत, कारण वीज कधी जाईल याचा नेम नसे. आपण नववीत असताना टीव्ही आणि व्हीसीआर आला आणि प्रोजेक्टरचे शनिवार थांबले.

तेव्हा सरांनी तो ज्या पद्धतीने ठेवला ती मी गेल्या दिवाळीत पाहिली. लेन्स काढून मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली, मग चामड्याच्या डबीत, डबी प्रोजेक्टरच्या पेटीत, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. त्या काळच्या समजुतीप्रमाणे याहून चांगली काळजी कोणी घेतली नसती. पण मखमल आणि चामडं दोन्ही ओल धरून ठेवतात. डांबराच्या गोळ्या कसर पळवतात, ओल शोषत नाहीत. आणि बंद कपाटात हवा हलत नाही.

सर स्वतः आले होते. मी विजेरी लेन्सच्या मागून तिरकी धरली आणि सरांना दाखवलं. समोरून स्वच्छ वाटणाऱ्या काचेच्या आत पांढऱ्या तंतूंचं झाड उभं होतं, काठाकडून मध्याकडे फांद्या गेलेलं. सर बराच वेळ पाहत राहिले.

"मुलांचा हात लागू नये म्हणून ठेवला होता गं," ते म्हणाले.

"सर, तुम्ही ठेवलात म्हणून तो आज आहे," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. बाकीचं जुनं सामान केव्हाच भंगारात गेलं आहे.

मग आम्ही लेन्स उघडली. ज्यांच्या घरी जुने कॅमेरे किंवा दुर्बिणी आहेत त्यांच्यासाठी कृती थोडक्यात सांगते. भिंगं काढताना प्रत्येकाची कोणती बाजू पुढे होती ते कागदावर काढून ठेवायचं आणि भिंगाच्या काठावर पेन्सिलने खूण करायची, कारण उलटं बसलेलं भिंग ओळखू येत नाही, चित्र मात्र बिघडतं. फुंकणीने आधी धूळ उडवायची. तोंडाने हाऽ करून वाफ सोडायची नाही, ती पुन्हा ओलच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या लेन्स-कागदाने मध्यापासून काठाकडे हलकेच पुसायचं आणि कागद प्रत्येक वेळी नवा घ्यायचा. चिवट बुरशीला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पातळ अमोनिया वापरतात, पण ते उघड्या खिडकीशी, हातमोजे घालून, आणि चिकटवलेल्या जोडीच्या काठाला लागू न देता. काठाशी इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा पानासारखे डाग दिसले तर ती बुरशी नसून सुटत चाललेला बाल्सम असतो. त्याला घरी हात लावू नये. सुटी लेन्स उन्हात ठेवून निघून जाऊ नये, सहावीत भिंगाने कागद जाळलेला आपल्याला आठवतोच.

निकाल असा. पुढची जोडी पूर्ण स्वच्छ झाली. मागच्या जोडीतल्या एका भिंगाच्या काठाला बुरशीने वरचा थर खाल्ला आहे. तिथे नखाएवढ्या भागात फांद्यांची पुसट खूण कायमची राहील. मधला भाग मात्र वाचला. आम्ही हॉलमध्ये चादर लावून सापडलेलं एक रीळ चालवून पाहिलं. दिवा तोच, चादर साधीच. अक्षरांभोवतीचं धुकं गेलं होतं.

म्हणून माझी सूचना

काचपेटीला विरोध करण्याचं कारण आता स्पष्ट झालं असेल. कुलूपबंद पेटी म्हणजे तेच कपाट, फक्त पारदर्शक. हॉलच्या दाराशी पावसाची ओल थेट येते, दुपारी ऊन लागून पेटी तापेल, रात्री निवेल, आणि तीही श्वास घेईल. दहा वर्षांनी पितळी पाटी चकचकीत असेल आणि लेन्स आंधळी.

त्याऐवजी मी तीन गोष्टी सुचवते.

पहिली, लेन्स प्रोजेक्टरपासून वेगळी, रबरी कडा असलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी. आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे असावा. फार कोरडंही नको, नाहीतर ग्रीस आणि बाल्सम सुकतात. जेलचे दाणे रंग बदलतात तेव्हा ते मंद आचेवर तापवले की पुन्हा कामाला येतात, मात्र स्वयंपाकाचा तवा त्यासाठी वापरू नये. तांदूळ चालणार नाहीत, त्यांची पूड म्हणजे बुरशीला पंगत. याच पद्धतीने प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शकही ठेवावेत. त्यांतल्या दोघांना बुरशी लागायला सुरुवात झाली आहे, हेही आम्ही त्याच दिवशी पाहिलं.

दुसरी, प्रोजेक्टर महिन्यातून एकदा अर्धा तास चालवावा, आणि पावसाळ्यात दोनदा. वरचा हिशेब आठवा, ३० अंशांवरून ४० अंशांवर. आमच्या व्यवसायातही हाच अनुभव येतो. वर्षभर न चालवलेली प्रणाली "जशी ठेवली तशी" कधीच राहत नाही. पाटीचे पैसे आपण सुटा दिवा, पट्टा आणि लेन्स-कागद यांवर खर्च करू.

तिसरी, हे काम आठवी-नववीच्या मुलामुलींकडे द्यावं. डब्यातला काटा वाचणं, वहीत लिहिणं, जेल वाळवणं, रीळ लावणं. मुलांचा हात लागू नये म्हणून ठेवलेल्या यंत्राला मुलांचेच हात लागले पाहिजेत. सरांना मी हे विचारलं आहे. ते म्हणाले, पहिल्या वर्षी रीळ लावायला मी येईन.

राहता राहिला पाटीचा प्रश्न. ती करायचीच असेल तर हॉलच्या भिंतीवर करू, आणि तिच्यावर खेळांचं वेळापत्रक लिहू. पहिला खेळ ७ जुलैला, वार कोणताही असो, दुपारी तीन वाजता. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर १६ मिमीची रिळं असतील तर आधी कळवा, आंबट वास येत असेल तर तेही सांगा. आणि येताना छत्री आणा, पण ती हॉलच्या बाहेर ठेवा.